दोन येसूबाई आणि तुरुंगाबाहेरची माणसे

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले ते २०२३ साली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. छावणी मात्र छावणीच राहिली. खाम नदीच्या पश्चिमेचा आमचा हा भाग इंग्रजी अमलात लष्कराच्या मुक्कामातून उभा राहिला आणि मुक्कामाचेच नाव त्याला कायमचे चिकटले. मूळ अर्थाने छावणी म्हणजे आज आहे, उद्या उठेल अशी वस्ती. ज्या राजाचे नाव शहराला मिळाले त्याचा शेवट अशाच एका छावणीच्या कैदेत झाला, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांचा वध झाला. त्या सव्वा महिन्यावर नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या, चित्रपट झाले. त्यांच्या पत्नीची, येसूबाईंची, कैद त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १७१९ च्या पावसाळ्यात संपली. म्हणजे तीस वर्षांना थोडीशी कमी. त्यावर आपण फारसे काही लिहिलेले नाही.

याचे एक कारण उघड आहे. मराठीत तुरुंगावरचे लेखन विपुल आहे, पण ते बहुतेक आतून केलेले आहे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातले एकशेएक दिवस लिहून ठेवले, टिळकांनी मंडालेत गीतारहस्य लिहिले, विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. आत बसलेल्या माणसाला, काही झाले तरी, वेळ असतो. बाहेरच्या माणसाला तो नसतो. त्याला वकील गाठायचा असतो, अर्ज करायचा असतो, पैसे उभे करायचे असतात, मुलांच्या शाळेची फी भरायची असते आणि शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. त्याचे वाङ्मय तयार होत नाही. झालाच तर पत्रव्यवहार होतो, आणि तोही बहुधा खर्चाचा.

येसूबाईंबद्दल जे थोडे कागद हाती लागतात त्यांतला सर्वांत बोलका कागद असाच खर्चाचा आहे. पण त्याआधी प्रसंग थोडा मांडायला हवा. रायगड ३ नोव्हेंबर १६८९ रोजी मोगलांच्या हाती गेला तेव्हा शाहू सात वर्षांचा होता. राजारामाला गडावरून बाहेर काढून राज्य वाचवावे आणि आपण मुलासह गडावर राहावे हा निर्णय येसूबाईंचाच होता. राज्य वाचले, त्या स्वतः सापडल्या. यापुढची साडेसतरा वर्षे हे कुटुंब औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरत राहिले. ही छावणी म्हणजे एक चालते शहर होते. त्यात बाजार होते, कचेऱ्या होत्या आणि बादशाही डेऱ्यांच्या जवळच या राजकैद्यांचे डेरे होते. शाहूला सात हजारी मनसब मिळाली होती. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा या मायलेकरांकडे ममतेने पाहत असे, असे सर्वच इतिहासकार नमूद करतात. शाहूची लग्नेही कैदेतच झाली. नव्या सुनेला बादशहाने भेटीस बोलावले तेव्हा तिच्याऐवजी विरूबाई नावाच्या दासीला सजवून पाठवले, अशी एक कथा बखरीतून येते. खरी असो वा नसो, कैदेतल्या घराला आपली अब्रू कशी राखावी लागत असेल याची कल्पना तीवरून येते.

कागदावर सात हजारी मनसबदार, आणि घरात खर्चाला पैसा नाही. १७०५ च्या सुमारास बादशहा वाकिणखेड्याच्या मोहिमेवर गेला आणि येसूबाई, शाहू आणि त्यांचा परिवार अहमदनगरला मागे राहिला. नेमणुकीचा पैसा वेळेवर मिळेना. बरोबरच्या माणसांचे हाल होऊ लागले, कर्ज झाले. तेव्हा येसूबाईंनी चिंचवडच्या देवांना पत्र लिहिले. आशय असा की आम्ही इथे आहोत, बादशहा दूर आहेत, खर्चाची ओढ आहे, कर्ज फेडण्याची तजवीज व्हावी. छत्रपतींची पत्नी, छत्रपतींची आई, आणि मागणे उसन्याचे.

या पत्राकडे पाहताना अभ्यासक सहसा हळहळ व्यक्त करून पुढे जातात. आम्हाला त्यातले व्यवहारज्ञान अधिक महत्त्वाचे वाटते. येसूबाई कैदेत होत्या हे खरे, पण त्या कैदेत एका घराच्या कर्त्याही होत्या. मुलगा, सुना, दास-दासी, जोत्याजी केसरकरांसारखी निष्ठेने बरोबर राहिलेली माणसे, या सर्वांचे पोट त्यांच्यावर होते. आणि पैसा मागायचा तो कोणाकडे? सरदारांकडे मागावा तर बादशहाचा संशय वाढणार. नातलग फुटलेले, दीर वारलेला, जाऊ ताराबाई स्वतःच्या मुलाच्या नावे राज्य चालवणारी. देवस्थानाकडे इनामे होती, धान्य होते, पत होती, आणि भोसल्यांशी जुना भक्तिसंबंध होता. गोसाव्याला पत्र लिहिले म्हणून कोणी कटाचा आरोप करणार नाही. कैद्याच्या माणसाला मदत मागताना आधी मदत करणाऱ्याची सुरक्षितता पाहावी लागते. हे पत्र लिहिणाऱ्या बाईला ते नेमके कळत होते असे आम्ही समजतो.

औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला. मे महिन्यात, भोपाळजवळ दोराह्याच्या मुक्कामी, आजमशहाने शाहूला सोडले. पण एकट्याला सोडले. येसूबाई, शाहूची पत्नी सावित्रीबाई आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना ओलीस ठेवून घेतले. पंचवीस वर्षांच्या तरुणाने आईला मागे ठेवून घोड्यावर बसायचे, हा प्रसंग कोणी नाटककाराने अजून हाताळला कसा नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटते. त्या दिवसापासून भूमिका उलट झाल्या. आतापर्यंत आईने मुलाला कैदेत सांभाळले होते. आता मुलगा बाहेर होता आणि आई आत.

दक्षिणेत उतरल्यावर शाहूने खुलताबादला जाऊन औरंगजेबाच्या कबरीचे पायी दर्शन घेतले, असे सांगतात. आमच्या छावणीतून पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद असा जो रस्ता जातो तोच पुढे खुलताबादला चढतो. वाटेतला दौलताबादचा किल्ला हासुद्धा मोगलांचा तुरुंगच होता. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा तिथल्या चिनी महालात मरेपर्यंत कैदेत होता. शाहूच्या या कबरदर्शनावरून आणि एकूणच मोगलांशी नरमाईने वागण्यावरून त्याला पुष्कळ बोल लावला जातो. मिंधा म्हणतात, मोगलांच्या जनान्यात वाढलेला म्हणतात. आम्हाला हा निवाडा घाईचा वाटतो. ज्याची आई, बायको आणि भाऊ शत्रूच्या ताब्यात आहेत त्याच्या प्रत्येक शब्दाचे वजन दिल्लीत कोणावर तरी पडत होते. आज तुरुंगातल्या माणसाचा बाप हवालदारापुढे हात जोडून उभा राहतो, तेव्हा आपण त्याला मिंधा म्हणत नाही. निदान म्हणू नये.

बारा वर्षे शाहूने वाट पाहिली. १७१८ साली सय्यद हुसेन अलीशी बाळाजी विश्वनाथाने जो तह ठरवला त्यात स्वराज्य, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी ही कलमे होती, आणि येसूबाई व इतर ओलिसांची सुटका हेही एक कलम होते. शाळेच्या पुस्तकात पहिली तीन पाठ करून घेतात आणि चौथे आले तर ‘तसेच’ या शब्दाने येते. मराठ्यांची फौज घेऊन बाळाजी दिल्लीला गेला. फेब्रुवारी १७१९ अखेर तिथे फर्रुखसियरला पदच्युत करताना दंगा उसळला आणि शहराच्या गल्ल्यांत दीड-दोन हजार मराठे मारले गेले. मार्चमध्ये सनदा मिळाल्या आणि पावसाळ्यात येसूबाई साताऱ्यास पोचल्या. रायगड सोडताना मुलगा सात वर्षांचा होता. आता तो सदतीस वर्षांचा होता. त्या दीड-दोन हजार घरांत त्या वर्षी काय झाले असेल, हा विचारही इथे बाजूला सारता येत नाही. एकाची आई सुटावी म्हणून निघालेल्या फौजेत पुष्कळांची मुले गेली. राजाच्या घरची कैद ही फक्त राजाच्या घरची उरत नाही.

दुसरी येसूबाई यानंतर दोनशे वर्षांनी येते. तिच्याकडे वळण्यापूर्वी मधल्या काळात तुरुंग कसा बदलला ते पाहावे लागते. मोगलांची कैद बादशहाच्या मर्जीवर होती. आज मनसब, उद्या उपासमार; काही लिहून ठेवलेले नसे. इंग्रजांनी तुरुंगाला नियमांचे पुस्तक दिले. पत्र किती दिवसांनी, भेट किती वेळ, वस्तू कोणत्या चालतील, सर्व छापील. नियम निर्दय असतो, पण त्याच्याशी अर्ज करून भांडता येते. म्हणून इंग्रजी अमलात कैद्याचे नातलग अर्जदार झाले, आणि त्यांचा इतिहास अर्जांच्या फायलींत जाऊन बसला.

टिळकांचे घर हे या अर्जदारीचे सर्वांत सुस्थित उदाहरण. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा दहा हजारांची हमी दिली ती सत्यशोधक समाजाच्या रामशेठ उरवणे यांनी. त्यांना यासाठी पुढे केले ते जोतीराव फुल्यांच्या वर्तुळाने. पुढच्या वादांच्या धुरळ्यात हे विसरले जाते, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले, तेव्हा केसरी चालवायला माणसे होती, दादासाहेब खापर्डे प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्यासाठी विलायतेला गेले, आणि घर सांभाळायला भाचे धोंडोपंत विद्वांस होते. मंडालेहून आलेली टिळकांची पत्रे मुख्यतः या विद्वांसांना आहेत. त्यांत तत्त्वज्ञान कमी आणि सूचना फार: अमुक पुस्तक पाठवा, मुलांच्या अभ्यासाचे काय झाले, ताईमहाराज प्रकरणात वकिलाला असे सांगा. या ताईमहाराज खटल्याचे मूळ आमच्याच शहरातले. १९०१ साली ज्या दत्तकविधानावरून हा खटला उभा राहिला ते दत्तकविधान औरंगाबादला झाले होते. खटला चालला चौदा वर्षे, आणि त्यातली सहा वर्षे मुख्य पक्षकार ब्रह्मदेशात कोंडलेला. मधल्या माणसाने किती हेलपाटे घातले असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मंडालेच्या खोलीत पुस्तकांचा ढीग साठला. गीतारहस्याच्या मागे तो ढीग आहे आणि त्या ढिगामागे पुण्यात बसून याद्या करणारा, पुस्तके मिळवणारा, पार्सले बांधणारा एक भाचा आहे. ग्रंथाच्या प्रास्ताविकांत अशा माणसाला एक ओळ मिळाली तर मिळते.

सत्यभामाबाई ७ जून १९१२ रोजी पुण्यात वारल्या. मंडालेला तार गेली. तारेला उत्तर म्हणून टिळकांनी विद्वांसांना जे पत्र लिहिले ते त्यांच्या एरवीच्या पत्रांहून वेगळे आहे. या वेळी आपल्याला तिच्याजवळ असता आले नाही याचे दुःख सर्वांत मोठे, असे त्यांनी लिहिले, आणि पुढे मुलांनी अभ्यास सोडू नये, असेही. दुःखालाही सूचना जोडलेली. कारण पत्रांची संख्या मोजकी, आणि आलेला कागद वाया घालवण्याची चैन कैद्याला नसते. सुटकेला दोन वर्षे उरली होती. १६ जून १९१४ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास टिळकांना गायकवाड वाड्याशी आणून सोडले तेव्हा घरात मुले होती, भाचा होता, गाव लोटले होते.

नाशिकच्या येसूवहिनींना यातले काहीच नव्हते. बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर, यांना ८ जून १९०९ रोजी जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ता जप्त झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस धाकटे दीर नारायणराव पकडले गेले, आणि मार्च १९१० मध्ये विनायकराव लंडनला. घरातले तिन्ही पुरुष वर्षभरात तुरुंगात. जप्तीत घरातल्या वस्तूही गेल्या. ओळखीची माणसे रस्ता बदलू लागली, कारण सावरकरांच्या घराशी बोलणे म्हणजे पोलिसांच्या वहीत नाव येणे. विनायकरावांच्या पुढील राजकारणाबद्दल वाचकांची मते काहीही असोत. या बाईच्या वाट्याला आलेल्या दहा वर्षांवर मतभेद होण्यासारखे काही नाही.

येसूवहिनींनी जे केले ते आम्हाला या साऱ्या इतिहासात विलक्षण वाटते. त्यांच्याभोवती नाशिकच्या स्त्रियांचा एक गट उभा होता, आत्मनिष्ठ युवती संघ. स्वदेशीची व्रते घ्यायची, वर्तमानपत्र वाचायचे, गाणी म्हणायची असे त्याचे काम. ही बहुतेक मंडळी क्रांतिकारकांच्या घरच्या बायका, म्हणजे पुढे पकडल्या गेलेल्यांच्या पत्नी, बहिणी, आया. शाहूची आई देवस्थानाकडे वळली. या बाईने आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांना धरून ठेवले. जिच्या घरात कोणी तुरुंगात नाही तिला यातले काय कळणार, हे ज्यांना ठाऊक होते अशांची ही जमात. आज आपण ज्याला आधारगट म्हणतो तो नाशिकात तेव्हा होता. पण त्याला असे काही नाव द्यायला हवे हे कोणाच्या मनात आले नसावे.

अंदमानाची पत्रे वर्षाला एक. भेटीसाठी परवानगी लागे आणि परवानगीसाठी अर्ज. नारायणराव सुटल्यावर त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि भाऊ-वहिनींच्या वतीने हे अर्ज चालवणे हे त्यांचे जन्माचे काम होऊन बसले. विनायकरावांची अंदमानातली पत्रे वाचताना लक्षात येते की वर्षातून एकदा मिळणाऱ्या त्या कागदावर घरातल्या एकेकाची नाव घेऊन चौकशी केलेली असते. कोणाला वगळले तर पुढची संधी बारा महिन्यांनी. येसूवहिनी पतीच्या भेटीच्या परवानगीची वाट पाहत राहिल्या आणि १९१९ साली वारल्या. परवानगी आली ती त्यानंतर. त्याच वर्षी मे अखेर नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई अंदमानला जाऊन दोघा भावांना भेटले. बाबाराव १९२२ साली साबरमतीहून सुटले, तेही प्रकृती पार ढासळल्यावर. दहा वर्षे जी अर्ज करीत होती तीच भेटीला नव्हती, एवढीच नोंद फायलीत निघेल. तीही निघेल की नाही कोण जाणे.

आतापर्यंतची माणसे नावाची होती. छावणीचा स्वतःचा इतिहास सुरू होतो तो बिननावाच्या माणसांपासून. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाचे शिपाई इथे होते. आपल्याला दिल्लीकडे बादशहाविरुद्ध लढायला नेणार अशी आवई उठली आणि त्यांनी नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. हजेरी घेताना मीर फिदा अलीने कॅप्टन ॲबटवर पिस्तूल झाडले; त्याला फाशी झाले. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातला काळा चबुतरा ही त्याची खूण. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय केले ते इंग्रजी अहवालांत तपशीलवार मिळते. या घोडेस्वारांच्या बायका-मुलांचे काय झाले ते आम्हाला कोठे वाचायला मिळालेले नाही. कंटिन्जंटच्या स्वारांचे बिऱ्हाड पलटणीबरोबरच असे. धरपकडीनंतर ती बिऱ्हाडे या खामच्या काठीच कोठेतरी असणार, कोणाला तरी विचारत असणार की आमचा माणूस कोणत्या रांगेत उभा केला. त्यांनी अर्ज केले असतील तर कोणत्या भाषेत, कोणाकडे? फारसी जाणणारा मुनशी पैसे घेतल्याशिवाय लिहिणार नाही. असो, यापुढे तर्कच आहे.

पुढे निजामी राजवटीत मराठवाड्यातली घरे पुन्हा या वाटेने गेली. २४ ऑक्टोबर १९३८ पासून स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, त्यामागोमाग आर्य समाजाचा, मग १९४७-४८. माणसे औरंगाबाद, गुलबर्गा, हैदराबादच्या तुरुंगांत, आणि घरची मंडळी रझाकारांच्या भयाने सरहद्द ओलांडून मनमाड, बार्शीकडे. कैदी एका राज्यात आणि त्याचे घर दुसऱ्या राज्यात, अशी ही चमत्कारिक स्थिती सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. या पिढीने आठवणी पुष्कळ लिहिल्या, पण त्या पुन्हा पुरुषांच्या आणि आतल्या.

आणि ज्यांना तुरुंगात जाण्याचा कोणताच गौरव नव्हता त्यांचे काय? देशासाठी गेलेल्याच्या घरासमोर निदान कधी तरी हार येतो. चोरीच्या आळात गेलेल्याच्या घरासमोर पोलीस येतात. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या ठिकाणी आख्खी कुटुंबेच तारेच्या कुंपणात आली; आत कोण आणि बाहेर कोण हा भेदच उरला नाही. ऑगस्ट १९५२ अखेर ती कुंपणे कायद्याने सुटली. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले तेव्हा मराठवाड्यातल्या अशा घराचे चित्र मराठी वाचकाला प्रथम इतके जवळून दिसले. त्या पुस्तकाची चर्चा आपण जातीच्या, उपासमारीच्या अंगाने केली. पकडलेल्या माणसाला सोडवण्यासाठी घरातल्या बाया काय काय करतात, कोणाच्या पाया पडतात, या अंगानेही ते पुन्हा वाचावे असे आम्ही सुचवू. ॲना अख्मातोवा लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर मुलासाठी सतरा महिने रांगेत उभी राहिली आणि तिने त्या रांगेवर काव्य लिहिले. आपल्याकडच्या रांगेतल्या बायांना लिहिता येत नव्हते, एवढाच फरक मानायला आम्ही तयार आहोत.

कैदी आणि घर एकत्र ठेवून पाहावे असा एक प्रयोग मात्र याच महाराष्ट्रात झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत निघाली. शिक्षा झालेला माणूस तिथे शेती करणार आणि बायका-मुलांसह राहणार. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. चित्रपटात कैद्यांची घरे फारशी दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आमच्या जिल्ह्यात पैठणला खुले कारागृह आहे, पण तिथे कुटुंबाला राहता येत नाही.

बाकीच्यांसाठी हर्सूल आहे, येरवडा आहे आणि मुलाखतीचा दिवस आहे. राज्याच्या १९५९ च्या नियमांनुसार शिक्षा झालेल्या कैद्याला संचित रजा मिळते, पण त्यासाठी त्याला घरात घेण्यास तयार असलेला आणि जामीनकी लिहून देणारा नातलग असावा लागतो. म्हणजे चांगली वर्तणूक कैद्याने दाखवायची आणि रजा मिळायची ती बाहेरच्याच्या सहीवर. ज्याला घराने टाकले त्याची रजा कागदावरच राहते. सही करणारा नातलगही काही कमी धाडस करीत नाही. माणूस परतला नाही तर पोलीस आधी त्याच्या दारात येणार. अलीकडे ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम सुरू झाला आहे. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना जाळीविना आई-बापाजवळ बसता येते.

१ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज देते, व्याज सात टक्के. मालमत्ता तारण लागत नाही. तुरुंगातल्या कामाची मजुरी हीच हमी. मिळालेला पैसा घरी जातो, मुलांच्या शिक्षणाला, औषधाला, वकिलाला. कर्ज आतल्याच्या नावे आणि खर्च बाहेरचा.